डाव्या भिंतीवरचा उजेड

१० सप्टेंबर, बुधवार

अर्चनाचं सामान आलं. थोडं एसटीच्या पार्सलनं अकोल्याहून, थोडं इथलंच, चिखलीतलं.

प्लायवूड, सहा बाय चार – ९५०
चंदेरी व तांबूस पन्नी, दोन गुंडाळ्या – ३२०
कापडावर टाचतात ते गोल आरसे, पाव किलो – १८०
जिलेटिन कागद, पाच रंग – ७५
पांढरा गम, डबा – २१०
हमाली – ३०
एकूण – १७६५

सगळं बुलढाण्याच्या मॅडमनी दिलेल्या उचलीतून. घरखर्चाच्या पैशाला हात लावलेला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. मॅडम यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला शेजारच्या लीलाबाईंसोबत आल्या होत्या. सूनबाईनं, अर्चनानं, महालक्ष्म्यांमागे थर्माकोल लावलं नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटांची पन्नी, चहापुड्याचा आतला कागद, माझ्या फाटक्या शालूची जर असं सगळं चिकटवून पडदा केला होता. समईची ज्योत हलली की पडदा हलायचा. मॅडम पानावर बसल्या आणि घास हातात धरून बघतच राहिल्या. परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी त्यांची अभ्यासिका आहे, नवी इमारत झाली आहे, तिथं लावायला असंच मोठं करून द्या म्हणाल्या.

अ.चं हे पहिलं काम. चित्रकलेचा कोर्स करून सात वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन आमच्या यांच्या अंथरुणापाशी गेली.

पितृपक्ष चालू आहे. म्हटलं, घट बसेपर्यंत गठ्ठा सोडायचा नाही. हो म्हणाली. पण येता-जाता हात लावून पाहते.

१४ सप्टेंबर, रविवार

नळ आला नाही. यांची दोन धुणी पडली, हौदातलं पाणी संपलं.

जेवताना पुन्हा तेच. "मले चटनी काऊन नाही वाढली वं?" चटणी ताटात होती. डाव्या बाजूला, जिथं वाढतात तिथंच. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं तसंच राहिलं. उजवीकडची भाजी, पोळी चाटूनपुसून. लकवा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, नुसता डावा हात-पाय गेला असं नाही, डावीकडे काही आहे हेच त्यांच्या डोक्यातून गेलं आहे. मला तेव्हा पटलं नव्हतं. वर्षभर वाटत होतं, माझ्या हातची चटणी मुद्दाम ठेवतात.

अ. वाढते तेव्हा ताट फिरवून देते, मग खातात. मला ते जमत नाही. नैवेद्याचं पान कोणी उलटं वाढतं का? तिला काही म्हणत नाही. मी मात्र सरळच वाढते, आणि रोज तेच ऐकते.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

अ.नं काम काढलं. जागा कुठं आहे घरात? मधल्या खोलीतच. तिथं पत्र्यात काच बसवलेली आहे, तेवढाच उजेड. यांची खाट दक्षिणेकडे उशी करून आहे. उजव्या हाताला दार, आम्ही सगळे तिकडूनच ये-जा करतो. डाव्या हाताला पश्चिमेची कोरी भिंत. अ.नं खाट हातभर सरकवून त्या भिंतीशी प्लायवूड उभं केलं. यांना विचारलं, "मामाजी, त्रास नाही ना होणार?" हे दाराकडे बघत म्हणाले, "कशाचा?" त्यांना तिकडं काही उभं आहे हेच माहीत नाही.

एका गोष्टीवरून बोलाचाली झाली. तिनं कासारणीकडून बांगड्यांचे तुकडे आणले होते, पिशवीभर. मी म्हटलं, ते उंबऱ्याबाहेर. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, आणि हे अंथरुणावर असताना तू तुकडे भिंतीला लावतेस? ती म्हणाली, "आई, हिरव्या काचेसारखा उजेड दुसऱ्या कशातून नाही येत." येत नसेल तर नको येऊ दे.

पिशवी परत गेली. रात्रीच्या पोळ्या तिनं लाटल्या, मी भाजल्या. 

२५ सप्टेंबर

कंबर. दुसरं लिहिण्यासारखं नाही. यांना कुशीवर वळवताना अ. नसती तर दोघंही पडलो असतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

लीलाबाई डोकावून गेल्या. "वैनी, सून चिप्सच्या पाकिटाचं देऊळ बांधून राह्यली का काय?" अ. हसली. म्हणाली, "हाव काकू, तुमच्याकडची पाकिटं ठेवत जा." दुपारी लीलाबाईंनी खरंच तेरा पाकिटं धुऊन, पुसून आणून दिली.

प्लायवूडची पाटी अर्धी भरली आहे. काय आहे ते मला सांगता येत नाही. झाड नाही, डोंगर नाही, बाई नाही. पन्नी कुठं चुरगाळून लावली, कुठं ताणून. आरसे सरळ लावतच नाही, प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची चकती देऊन थोडा तिरपा. तासभर एकाच आरशाशी बसते. बांगड्यांच्या ऐवजी हिरवा जिलेटिन कागद चार घड्या घालून लावलाय.

म्हटलं, नवरात्र आहे, मधोमध देवीचा मुखवटा तरी बसव. निदान कमळ. म्हणाली, "आई, मुखवटा बसवला की लोक मुखवटाच पाहतील. हात जोडतील आणि पुढं जातील." आता हात जोडणं वाईट आहे का? तिला तसं म्हणायचं नसेल. ती थकलेली होती, मीही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सोनं द्यायला चार माणसं आली, सगळी यांच्या उजव्या बाजूला बसून गेली.

आज सकाळी पोथी वाचून उठले तर खोली वेगळीच. पत्र्याच्या काचेतून ऊन थेट त्या पाटीवर आलं होतं. आधी खालची तांबूस पट्टी पेटली. ऊन सरकलं तशी ती विझली आणि वरचे आरसे लागले. छतावर कवडसेच कवडसे. अ. म्हणाली होती की हे दर घटकेला दुसरं दिसेल. मला वाटलं होतं, बोलायचं म्हणून बोलते. पूजेचं तबक हातात धरून मी उभी राहिले. दूध उतू गेलं. पाव लिटर तरी गेलं असेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

यांनी मान वळवली.

नीट लिहिते. सकाळची वेळ, ऊन पाटीवर. मी उजवीकडून चहा पाजत होते. बशी तोंडाशी, आणि तोंड बशीपासून दूर गेलं. चहा गळ्यावर सांडला. मला वाटलं, झटका आला. हाक मारली तर हे डावीकडे बघत होते. मान पूर्ण वळलेली. दोन वर्षांत व्यायामवाल्यानं हातानं धरून वळवली तरी लगेच दाराकडे परतायची.

म्हणाले, "काय हालून राह्यलं ते तिकडं?"

अ. गमाच्या हातांनी धावत आली. म्हणाली, "काही नाही मामाजी, ऊन आहे."

"मंग तसं सांगा ना. मले वाटलं पाणी शिरलं घरात."

दोघी हसलो. मग अ. मोरीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. उपास.

आजही वळवली. ऊन होतं तोवर पाहत राहिले. ऊन गेलं की मान परत दाराकडे.

मी मुद्दाम भिंत आणि खाट यांच्यामध्ये, हातभर जागेत, पाटावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांची नजर पन्नीवरून उतरली आणि माझ्यावर आली. "अवं, तू तिथं कधीची बसली?"

आत्ताच, म्हटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चटणी खाल्ली. ताट सरळ वाढलेलं. आधी उजवीकडचं संपलं, मग मान थोडी कलली, मग बोट चटणीत गेलं. "मीठ कमी हाये." दोन वर्षं मीठ कमीच होतं की काय, कोणाला माहीत. डॉक्टरांनी कमी सांगितलंय म्हणून मी सगळ्यातच कमी घालते.

देवापुढे साखर ठेवली. अ.लाही दिली. म्हटलं, तुझ्या पन्नीचा गुण. ती म्हणाली, "पन्नीचा नाही आई, उन्हाचा." मग म्हणाली, "अजून वरचा कोपरा राहिला आहे."

वरचा कोपरा राहिला तोवर पाटी इथं आहे. हे माझ्या मनात आलं.

१८ ऑक्टोबर

झाडझूड, डबे घासणं. पाटीवर धूळ बसली होती, मी फडकं घेतलं तर अ. ओरडली. पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. नंतर येऊन माफी मागितली. म्हणाली, बोटाचा ठसासुद्धा त्यातलाच आहे. आता ठशांचीही कला.

वरचा कोपरा झाला.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

आमचा मुलगा उमेश पुण्याकडच्या कंपनीतून आला, सहा दिवसांची सुट्टी. यांच्यापाशी पणत्या लावल्या तेव्हा पाटी परत जागी झाली. दिव्याला वेगळी असते, उन्हापेक्षा सावकाश. उ. म्हणाला, "आईशप्पथ अर्चू, हे तू केलं?" दोन वर्षांत त्याच्या तोंडून तिच्यासाठी इतकं निघालेलं मी ऐकलं नव्हतं.

नंतर ओट्यापाशी त्याला हळूच म्हटलं, बाबांची मान वळते आहे, ती पाटी इथंच ठेवता नाही का येणार? मॅडमना दुसरी करून देईल. तो म्हणाला, "आई, उचल घेतली आहे. शब्द दिलाय. तिचं पहिलं काम आहे." मग म्हणाला, "तूच सांग तिला." पोरगा बापासारखाच, अवघड ते दुसऱ्याच्या पदरात.

अ. अनरशांचा डबा घ्यायला आत आली. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऐकलं होतं.

दुपारी यांची चादर दोघी मिळून पिळत होतो. दोन टोकं दोघींच्या हातात. तिनं तिचं टोक धरून ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही ठेव म्हणा, मी ठेवते. पण तुम्हीच म्हणायचं. मी आपणहून नाही म्हणणार."

मी चादर झटकली. दोरीवर टाकली. चिमटे लावले. ठेव म्हटलं नाही आणि ने म्हटलं नाही.

दुसरी करायची म्हटली तर तशी होणार नाही म्हणते. आरसा कुठं किती तिरपा लावला ते तिचं तिलाही माहीत नाही. रोज सकाळी ऊन पाहून लावलं. ते दिवस गेले.

यांना सगळं ऐकू येतं, लोक विसरतात. संध्याकाळी म्हणाले, "जाऊ द्या ते. त्या पोरीनं माह्यी घाण काढता काढता केलं. तिचं हाये." आणि भिंतीकडे नाही, दाराकडे बघत म्हणाले. ऊन उतरलं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेली. उ.नं मित्राची पिकअप आणली. जुन्या गोधड्यांत गुंडाळली, दोऱ्या बांधल्या. मी वर हळदीकुंकू लावलं, गोधडीलाच. अ. पुढं बसली, नवी साडी नेसून. परत आली तेव्हा म्हणाली, मॅडम घाईत होत्या, भिंतीला टेकवून आलो, त्यांचा माणूस खिळे मारणार.

भिंतीवर पाटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आहे. बाकीची भिंत धुरकट.

उ. रात्रीच्या गाडीनं गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मान दाराकडे. चटणी ताटात. "मले काऊन वाढत नाही वं तू?" वाढली आहे, म्हटलं. "कुठं?"

अ.नं उरलेल्या पन्नीचे तुकडे दोऱ्याला बांधून छताला लावले. वाऱ्यानं लुकलुकतात, पण हे डोळे मिटून घेतात. म्हणतात, बसगाडीचा दिवा डोळ्यात मारल्यासारखं होतं. दोन दिवसांनी काढले. घडी करून ठेवले, पन्नी वाया घालवायची नाही.

मी सकाळी त्या हातभर जागेत बसून पाहते. हाक मारली की हे उजवीकडे शोधतात. "कुठून बोलून राह्यली?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व्यायामवाला आला. मान मध्यंतरी वळत होती हे त्याला सांगितलं. म्हणाला, मग सोपं आहे काकू, खाट फिरवा. उशी आहे तिथं पाय करा. दार डावीकडे येईल, माणसं डावीकडून येतील, वळावंच लागेल.

उशी आहे तिथं पाय म्हणजे डोकं उत्तरेला. त्याला यातलं काही कळलं नाही. तरुण आहे. आमच्यात उत्तरेला डोकं कधी करतात, ते अ.ला माहीत आहे, तिनं खाली बघितलं. आडवी लावली तर खाट बसत नाही, दोनदा मोजून झालं.

हे म्हणाले, "अजून जित्ता हावो बाप्पा मी. थोडं थांबा." व्यायामवाला हसला. मला हसू आलं नाही.

तो गेल्यावर अ. म्हणाली, "आई, शेवटी दिशाच आहे." तिच्यासाठी असेल. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून तिन्हीसांजेला त्या खोलीत दिवा लावते. माझ्या हातानं त्यांचं डोकं उत्तरेला करणार नाही. उद्या काही झालं तर ते मीच केलं असं मला वाटेल, लोक काही म्हणोत न म्हणोत.

पाटी होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या.

मॅडमचा फोन, अ.च्या मोबाइलवर. ती ओट्यापाशी उभी राहून नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवला आणि कणीक तिंबायला लागली. कणकेचं पाणी जास्त झालं.

मग सांगितलं. पाटी तिथं दिसतच नाही म्हणे. नुसती कचऱ्याची पन्नी वाटते. मुलं आरशात बघून भांग पाडतात. "मधे गणपती बसवून द्या, आणि मागून लायटिंग सोडा. नाहीतर घेऊन जा, उचलीचं आपण बघू."

तिनं कणकेत अजून पीठ घातलं. 

मी देवापाशी जाऊन बसले. खरं लिहायचं तर मला आनंद झाला होता. पाटी परत येईल, या विचारानं आधी आनंद झाला आणि मग आत ती एकटी पोळ्या लाटते आहे हे आठवलं. निरांजनात तूप घातलं, वात लावली, नमस्काराला हात जोडले. काय मागावं तेच सुचेना. तसेच हात सोडले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अ.सोबत बुलढाण्याला जाऊन आले. यांच्यापाशी लीलाबाई बसल्या.

मी म्हटलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघू. पाटी खालच्या बोळात लावली आहे, चपलांच्या घोडीच्या वर. खिडकी नाही. दिवसभर एक ट्यूबलाइट. त्या पांढऱ्या उजेडात ती खरंच मेल्यासारखी दिसते. माझ्याच घरातली गोळ्यांची पाकिटं मला ओळखू आली, आणि दुसरं काहीच ओळखू आलं नाही. अ. समोर उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. एक मुलगी आली, आरशात टिकली सरळ केली, गेली.

मॅडम वाईट नाहीत. चहा दिला. पण फोन सारखा चालू, कोणाची फी, कोणाची खुर्ची. त्यांनाही वेळ नाही.

अ. मग काही न सांगता जिना चढून गेली. मी गुडघे धरून मागोमाग. मधल्या वळणावर मोठी खिडकी आहे, पश्चिमेची. चार वाजून गेले होते, समोरच्या भिंतीवर भरपूर ऊन. तिनं पर्समधला छोटा आरसा काढून त्या भिंतीला लावला. कवडसा छतावर उडाला. पुस्तकं घेऊन दोन पोरं खाली उतरत होती, ती थांबली. वर बघत राहिली. एक म्हणाला, "ताई, पुन्हा करा ना."

पण त्या भिंतीवर फ्लेक्स आहे. पास झालेल्या मुलांचे फोटो. मॅडम म्हणाल्या, तो कसा काढणार, त्यावरच तर प्रवेश होतात. बरोबर आहे त्यांचंही.

येताना एसटीत बसायला जागा मिळाली. अ. खिडकीशी. 

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अ.नं विषय काढला. यांना झोप लागल्यावर, अंगणात.

"आणू या परत, आई. मामाजींपाशी लावा. त्यांची मान वळेल, तुम्हाला खाट फिरवावी लागणार नाही."

मी म्हटलं, आणि तू?

"मी काय. मी दुसरं नाही करणार." जराशानं म्हणाली, "घरात लावलं की ते काम राहत नाही. औषध होतं. गोळीच्या पाकिटाचं पुन्हा गोळीच."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं होतं, रागाला उत्तर देता येतं. उरलेली पन्नी, आरसे, गमाचा डबा तिनं गोणीत भरून माळ्यावर टाकलं आहे. मला न विचारता. या घरात न विचारता तिनं केलेलं हे पहिलंच काम असेल.

१ डिसेंबर, सोमवार

आजची एकादशी जड गेली. भगर केली ती यांनाच दिली, मला नको वाटली. नळ आला, चांगला तासभर.

सकाळी ऊन पाहिलं. पत्र्याच्या काचेचं ऊन आता त्या चौकोनावर येत नाही. पायांकडे सरकलं आहे, सूर्य दक्षिणेला गेला म्हणून. म्हणजे पाटी आली तरी दुसरीकडे टांगावी लागेल, आणि तिच्या आरशांची मांडणी त्या जुन्या उन्हाची. लागेल की नाही कोण सांगणार? अ.लाच माहीत असेल, आणि तिला मी विचारणार नाही.

हे आज स्वतःहून म्हणाले, "ते ऊन कुठं गेलं वं?" दाराकडे बघत.

२ डिसेंबर, मंगळवार

अ. यांचं औषध आणायला गेली तेवढ्यात पत्र लिहिलं. मॅट्रिकनंतर इतकं मोठं पत्र भावालाही लिहिलं नसेल. पोस्टात टाकलं. नक्कल इथं ठेवते, पुढं काय लिहिलं होतं म्हणून शोधायला नको.

सौ. मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार. मी अर्चनाची सासू. मागच्या मंगळवारी आपल्याकडे चहा पिऊन गेले ती. हे पत्र मी तिला न सांगता लिहीत आहे, तरी तिच्या मोबाइलवर याबद्दल बोलू नये. घरचा फोन आजारी माणसाच्या उशाशी असतो, तिथं बोललेलं सगळं घर ऐकतं. म्हणून पत्र.

तिनं केलेली पाटी आपल्याकडे मेल्यासारखी दिसते हे मी पाहिलं. आपण खोटं बोलला नाहीत. पण ती ट्यूबलाइटची नाही, उन्हाची आहे. माझ्या घरात तिच्यावर ऊन यायचं तेव्हा दोन वर्षं न वळलेली मान वळायची. माझ्या यजमानांची. यापेक्षा जास्त मला त्यातलं कळत नाही.

आपल्या जिन्याच्या वळणावर दुपारी ऊन येतं. तो फोटोंचा फ्लेक्स आठ दिवसांपुरता खाली बोळात लावावा आणि पाटी वर लावावी. बोळातही मुलं फोटो बघतीलच, उभं राहून चपला काढतात तिथं. आठ दिवस दुपारी चारनंतर आपण स्वतः फोन बाजूला ठेवून जिन्यात उभं राहावं. थोडाच वेळ. मग ठरवावं. गणपती बसवू नये, ही माझी विनंती. मी रोज पूजा करणारी बाई आहे, म्हणून सांगते.

एवढं करूनही नको वाटली तर परत पाठवावी, उचल आम्ही थोडी थोडी फेडू. माझ्या घरी तिला जागा आहे. परत आली तर माझं काम सोपं होईल आणि यजमानांचंही, आणि मला वाईट वाटणार नाही, हे आपल्यापासून लपवत नाही. वाईट वाटेल ते सुनेला, आणि ती ते बोलून दाखवणार नाही. म्हणून आधी जिन्यात लावून पाहा, असं मी म्हणते.

ठेवणार असाल तर तसं लिहा, नसाल तर तसं लिहा. पत्र माझ्या नावानं टाकावं, पोस्टमन दुपारी येतो तेव्हा मी दारातच असते.

उलट टपाली कळवावे.